घटकाभर कोणी बोलू नका

संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून जयसिंगरावांनी विचारलं, "मिक्सर दुरुस्तीला टाकलास का गं?" आणि महानंदा हातातल्या कणकेच्या गोळ्यासकट मटकन खाली बसली. आता कोणी म्हणेल, यात मटकन बसण्यासारखं काय आहे? नवऱ्यानं मिक्सरचं विचारलं, बायकोनं हो किंवा नाही म्हणावं आणि पोळ्या लाटायला घ्याव्यात. पण मिक्सर जळला होता सकाळी. खोबऱ्याची चटणी वाटता वाटता भुस्सकन धूर आला, घरभर वास सुटला, जयसिंगराव धावत आले, बटण बंद कर म्हणून ओरडले, आणि संपलं. मग दुपार गेली, त्यांची झोप झाली, आणि तरीही तो मिक्सर त्यांच्या डोक्यात संध्याकाळपर्यंत टिकला होता. गेल्या तीन वर्षांत त्या डोक्यात काहीही चहा गार होईपर्यंतसुद्धा टिकलं नव्हतं. "उद्या टाकते," ती कशीबशी म्हणाली. कोपऱ्यावरच्या दुकानात देऊ नकोस, तो नुसता उघडतो आणि तसाच परत करतो, असं बजावून जयसिंगराव बाहेरच्या खोलीत गेले. महानंदा फरशीवर तशीच बसून राहिली. तिला भीती वाटत होती की आपण उठलो, भांडं वाजलं, तर जे काय झालंय ते पुन्हा नाहीसं होईल.

तीन वर्षांपूर्वी त्यांना ताप आला होता. साधा ताप म्हणून दोन दिवस गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी ते तिला आपली आई समजून बोलायला लागले, तेव्हा दवाखान्यात नेलं. ताप मेंदूपर्यंत गेला होता. माणूस वाचला, हातपाय धड, बोलणं खणखणीत, मिशीसुद्धा पूर्वीसारखीच ताठ. बंगळूरजवळ बोम्मसंद्र्याच्या पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर होते, तिथल्या प्रत्येक कामगाराचं नाव त्यांना अजून तोंडपाठ. लहानपणी निपाणीत कुणाच्या विहिरीत पोहायचे, लग्नात कुठला फेटा बांधला होता, सगळं जागच्या जागी. फक्त नवीन काही आत राहत नव्हतं. चहाचा कप विसळून पालथा घालेपर्यंत पुन्हा विचारायचे, आज चहा नाही का. पाहुणा संडासात जाऊन आला की त्याचं नव्यानं स्वागत व्हायचं. पहिल्या वर्षी महानंदा रडली, दुसऱ्या वर्षी चिडली, आणि तिसऱ्या वर्षी तिला आपण काय करतो आहोत तेच कळेनासं झालं होतं. सकाळपासून रात्रीपर्यंत तेच तेच सांगायचं, तेच तेच ऐकायचं. तिच्या मनातही एका दिवसाचा दुसऱ्या दिवसाला धागा लागत नव्हता.

आणि हेसुद्धा एक वेळ चालून गेलं असतं, पण नयनाचं लग्न आलं. नयना म्हणजे त्यांची एकुलती एक, सॉफ्टवेअरच्या कंपनीत नोकरीला लागलेली. तिथेच अद्वैत. मुलगा शांत, निर्व्यसनी, आणि राजाजीनगरातल्या आपल्याच मराठी मंडळींतला. आईबापांनी देव पाण्यात घालून बसावं असं स्थळ. फक्त एकच भानगड होती. अद्वैत हा रघुजींचा मुलगा, आणि रघुजींचं तोंड पाहायचं नाही अशी जयसिंगरावांची शपथ होती. ही शपथ आजारापूर्वीची, त्यामुळे पक्की. झालं होतं असं की तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत जयसिंगराव नाटकात वकील झाले होते आणि रघुजी आडोशाला उभं राहून प्रॉम्प्टिंग करत होते. तिसऱ्या अंकात जयसिंगरावांचं वाक्य अडलं. त्यांनी डोळ्यांनी खुणा केल्या, खाकरून पाहिलं, आडोशातून एक अक्षर येईना. रघुजींना कोणीतरी गरम भजी आणून दिली होती. जयसिंगराव भर रंगमंचावर ओठ हलवत उभे राहिले, आणि लोकांना वाटलं, काय हा भाव! टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्यांमुळे तर त्यांचा संताप दुप्पट झाला. मला एकट्याला उभं केलं, असं ते अजून म्हणायचे, आणि म्हणताना त्यांचा आवाज कापायचा.

नयनानं आईला एकदाच स्पष्ट सांगितलं होतं, "मांडवात बाबांनी मला विचारलं, हे कोणाचं लग्न आहे, तर मी काय करू गं? बाबांना ठाऊक असल्याशिवाय मी लग्न करणार नाही." त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. अद्वैतच्या घरून तारखेची विचारणा झाली की ती केस विंचरायला बसायची. म्हणून महानंदानं ते काम अंगावर घेतलं. रोज दुपारी जेवणं झाली की ती नवऱ्याला सांगायची: नयनानं लग्न ठरवलंय. रोज जयसिंगराव आधी हरखून जायचे. मग कोणाचा मुलगा, म्हणून विचारायचे. मग रघुजींचं नाव, मग स्फोट, मग तिसरा अंक, भजी, टाळ्या, सगळं. मग माझ्या जिवंतपणी नाही, मग माझ्या मेल्यावर करा, मग पाणी. मग महानंदा म्हणायची, तुमच्या होशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. इथे ते गप्प व्हायचे. डोळे भरून यायचे. करू दे म्हणायचे, माझ्यापायी तिचं अडू नये. लग्न झाल्यापासून महानंदानं या माणसाशी एकही वाद जिंकला नव्हता. तो हट्टी, बोलण्यात पटाईत, आणि हरायला लागला की गाणं म्हणणारा. आता ती रोज जिंकत होती. आधी दोन तास लागायचे, मग सवयीनं ते अर्ध्या तासावर आलं. कुठल्या वाक्यानंतर ते कपाळाला हात लावतात, कुठे पाण्याचा तांब्या पुढे करायचा, सगळं तिला पाठ झालं होतं. आणि जिंकून पदर खोचून ती भांडी घासायला उठली, की दारात कोणीतरी 'काय जयसिंगराव!' म्हणत यायचं, गप्पा व्हायच्या, आणि माणूस गेल्यावर जयसिंगराव विचारायचे, नयनाचं काही बघायला नको का आता? असा विजय कुणाच्या वाट्याला येऊ नये.

मध्ये एकदा रघुजी स्वतः घरी आले. तो दिवस आठवला की महानंदाला हसू यायचं आणि हसल्याची लाजही वाटायची. रघुजी, त्यांची बायको चंपा, अद्वैत, सगळे नटूनथटून आले. रघुजींनी भर बैठकीत हात जोडले, भजी खाल्ली ही आपली चूकच झाली असं म्हणाले. जयसिंगराव उठले, त्यांना मिठी मारली, दोघे रडले. चंपाबाईंनीही डोळे टिपले. शिऱ्याच्या बशा फिरल्या, आणि जयसिंगराव हात धुवायला मोरीकडे गेले. परत आले तो आपल्या सोफ्यावर बसून आपला शिरा खाणारे रघुजी त्यांना दिसले. हा माणूस इथे कसा, असं त्यांनी ज्या आवाजात विचारलं तो आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. रघुजी बिचारे तयार होते, पुन्हा हात जोडायला उठलेसुद्धा. पण चंपाबाईंनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं. रोज रोज माफी मागायला माझा नवरा काही मोकळा नाही, असं म्हणून त्या निघाल्या, आणि जिन्यावर त्यांनी महानंदाला हळूच सांगितलं की राग तुमच्यावर नाही, पण जयसिंगरावांना काही तरी कायमचं कळू दे. महानंदानं मान हलवली. कायमचं या शब्दाचं काय करायचं ते तिला कळलं नाही.

म्हणून त्या मिक्सरचं एवढं अप्रूप. ती रात्रभर विचार करत होती, आज वेगळं काय झालं? जेवण तेच, गोळ्या त्याच. मग सकाळी तिच्या ध्यानात आलं की काल शहर बंद होतं. कशावरून तरी बंद पुकारला होता, बस नाही, ऑटो नाही, दुकानं नाहीत. सकाळी मिक्सर जळला आणि पाठोपाठ वीज गेली ती दिवसभर आलीच नाही. टीव्ही नाही, पंखा नाही, आणि मुख्य म्हणजे कोणी माणूस आलं नाही. जयसिंगराव कंटाळून मधल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन पडले होते.

कोणी माणूस आलं नाही, ही त्या घरात केवढी मोठी गोष्ट होती हे सांगायला हवं. मंडळाच्या लोकांनी, देव त्यांचं भलं करो, आजारपणापासून पाळ्या लावून घेतल्या होत्या. रोज दुपारी एक जण, संध्याकाळी एक जण. माणसाला एकटं पाडायचं नाही, बोलतं ठेवायचं, आठवणीला व्यायाम द्यायचा, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. परमुलखात राहिलेली माणसं अशीच असतात, कुणाच्या घरी दुखणं आलं की आपापले डबे आणि आपापलं बोलणं घेऊन हजर. त्यातले आप्पाजी म्हणजे जयसिंगरावांचे मामा, पाळी नसली तरी यायचे. आल्या आल्या 'ओळख मी कोण' म्हणायचे. भाचा त्यांना ओळखायचाच, कारण मामा जुना होता. मग आप्पाजी सांगायचे की शहराबाहेर मारतहळ्ळीला प्लॉट घेतला, आणि जयसिंगराव दर वेळी नव्यानं हादरायचे. "मामा, तिकडे कुत्रं तरी जातं का?" असं दर वेळी विचारायचे. आप्पाजी दर वेळी खिन्न होऊन घरी जायचे, आणि दोन दिवसांनी पुन्हा येऊन सांगायचे.

महानंदा दवाखान्यात गेली. तिथे श्वेता म्हणून पुण्याकडची एक मुलगी होती, स्मरणशक्तीच्या चाचण्या घेणारी. वयानं नयनापेक्षा जरा मोठी. तिनं मिक्सरचं सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारलं, मग उठून दार लावलं. "काकू, नवीन मेमरी सेट व्हायला टाइम लागतो. तेवढ्यात दुसरं काही आत आलं की इंटरफिअरन्स होतो, आधीचं पुसलं जातं. तुमचा-माझाही होतो, पण आपलं निभतं. काकांचं निभत नाही." मग पुढे म्हणाली की साध्या माणसांवरचे असे जुने प्रयोग आहेत, अशा पेशंटवर कोणी फारसं करून पाहिलेलं नाही, त्यामुळे मी वचन देणार नाही. पण एखादी गोष्ट सांगितल्यावर त्यांना अंधारात, शांत, एकटं पडू द्या. बोलू नका, टीव्ही नको, कोणी भेटायला नको. आणि शेवटचं जे बोलाल ते जपून बोला, कारण राहिलं तर तेच आधी राहील. महानंदाला इंग्रजी शब्द अर्धेच कळले, पण अर्थ सगळा कळला. दुधाला विरजण लावल्यावर भांडं हलवायचं नसतं, एवढंच ती मुलगी सांगत होती. आणि तीन वर्षं अख्खं राजाजीनगर मिळून ते भांडं हलवत होतं.

आता हे लोकांना सांगायचं कसं? तुम्ही बोलता म्हणून हे विसरतात, असं तोंडावर कोणाला सांगणार? तिनं सांगितलं, आणि व्हायचं तेच झालं. मंडळातल्या बायकांनी नाकं मुरडली. गरज होती तेव्हा आम्ही लागत होतो, असं कोणीतरी कोणाला तरी म्हणालं आणि ते फिरत फिरत तिच्यापर्यंत आलं. डबे थांबले. देवळात भेटल्या तरी बायका दुसरीकडे बघायला लागल्या. घर शांत झालं ते असं, की पहिल्या दोन दिवसांत महानंदाला स्वतःच्या बांगड्यांचा आवाज नकोसा झाला. तिला वाटलं, आपण चूक तर करत नाही ना? हा माणूस काही शिकला नाही आणि ही माणसंही तुटली, तर नयना कुणाच्या आधारावर उभी राहणार? पण लहान सहान गोष्टी टिकायला लागल्या होत्या. नवीन पडदा निळा आहे. दूधवाला बदललाय. जयसिंगराव दुपारी झोपून उठले की त्यांच्या तोंडून असं एखादं काहीतरी यायचं, आणि नयना आईकडे बघायची.

मग तिनं ठरवलं, उद्या. दुसऱ्या दिवशी नयना कामावर गेली. महानंदानं टेलिफोनचा रिसीव्हर काढून ठेवला, घंटीची वायर काढली, कुकरची शिट्टी नको म्हणून आदल्या रात्रीचाच दहीभात वाढला. वर राहणाऱ्या कानडी घरमालकीणबाईंना जाऊन सांगितलं की दुपारी स्वल्प, थोडा वेळ, टीव्ही बंद ठेवा. त्या बाईंनी कारणही विचारलं नाही, सरी अक्का, बरं ताई, म्हणून दार लावून घेतलं. तेवढ्यानंसुद्धा महानंदाला भरून आलं. मग ती मधल्या खोलीत नवऱ्याच्या समोर बसली आणि म्हणाली, नयनानं लग्न ठरवलंय.

सुरुवात ठरल्याप्रमाणे झाली. हरखणं झालं, रघुजी झाले, भजी झाली. माझ्या जिवंतपणी नाही, इथपर्यंत सगळं रुळावरून चाललं होतं. महानंदानं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि ठेवणीतलं वाक्य काढलं, की तुमच्या होशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. पण या वेळी जयसिंगराव गप्प बसले नाहीत. इतक्या दिवसांच्या शांततेनं डोकं जरा ताजं झालं असावं, त्यांनी नवीनच मुद्दा काढला. म्हणाले, पोरीच्या घासाचं काय सांगतेस, लग्नात घराणं बघायचं असतं. तुझ्या वडिलांनी कसं बघितलं? मला पाहिलं आणि एका शब्दात होकार दिला. त्याला म्हणतात पारख. महानंदा गडबडली. ही ओळ तिच्या पाठांतरात नव्हती. ती म्हणाली, ते राहू द्या. ते म्हणाले, का राहू द्या? त्या माणसानं मला पाहताक्षणी ओळखलं, आणि हा रघुजी... आणि मग त्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्या हाताकडे बघता बघता महानंदाचं डोकं फिरलं. तीन वर्षांचं फिरलं म्हणायचं की सगळ्या संसाराचं, कोण जाणे.

"माझ्या वडिलांनी तुम्हाला नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "एकदा नाही, तीनदा. तोंडाळ आहे म्हणाले, नाटकं करतो म्हणाले, बंगळूरला नेऊन पोरीला उपाशी ठेवील म्हणाले. मी अन्न सोडलं तेव्हा हो म्हणाले. तुम्हाला कोणी पारखलं बिरखलं नाही. मी तुम्हाला मागून घेतलंय."

जयसिंगरावांचा हात मिशीवरच राहिला. मग म्हणाले, "करा काय करायचं ते. करू दे तिला अद्वैतशी लग्न." आणि पलंगावर आडवे होऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

हो मिळाला होता. पण कसला हो, आणि कशाच्या शेजारी पडलेला! महानंदा पलंगाजवळ उभी राहिली. आता त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणावं, अहो, तेव्हाचं सोडा, वडील नंतर तुमचंच कौतुक करत होते. ते खरंही होतं. पण श्वेतानं सांगितलेलं तिला आठवलं. आता एक शब्द जरी वर टाकला तरी खालचा हो हलणार. समजूत काढावी तर नयनाचं लग्न जातं, आणि न काढावी तर माणूस तेवढं दुःख घेऊन अंधारात पडतो, आणि कुणास ठाऊक, तेच घट्ट होऊन बसतं. हजार गोष्टी या माणसाला सांगितल्या, त्या सगळ्या वाहून गेल्या. आणि जी राहण्याची पाळी आली ती ही. कुठल्याही बायकोनं केलं नसतं असं काहीतरी आपण करतोय असं तिला वाटलं, आणि तिनं आवाज न करता बाहेर येऊन दार ओढून घेतलं.

दाराशी पाट टाकून ती बसली. बाहेर कुठेतरी भाजीवाला ओरडत गेला आणि तिचा जीव वर आला, खाली गेला. तेवढ्यात घंटी वाजत नाही म्हणून कोणीतरी जाळीवर हळूच टकटक केली. आप्पाजी! महानंदा धावली. आपल्या नवऱ्याच्या मामांच्या समोर तिनं कधी मान वर करून पाहिलं नव्हतं, आज त्यांच्या दंडाला धरून तिनं त्यांना पायरीवर बसवलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आप्पाजींनी तोंड उघडलं. तिनं पुन्हा बोट ठेवलं. ते कुजबुजले, "घटकाभर तरी बोलू दे पोरी, मी प्लॉट विकलाय, त्याला बरं वाटेल." तिनं हात जोडले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, पण जन्मभर बोलत आलेला तो म्हातारा गप्प बसला. काठीवर हनुवटी टेकवून रस्त्याकडे बघत राहिला. थोड्या वेळानं तो घोरायला लागला तेव्हा महानंदानं काठीच हळूच काढून घेतली. तो दचकून जागा झाला, आणि बोलला मात्र नाही.

मग काहीच उरलं नाही करायला. किती दिवसांनी ती अशी नुसती बसली होती? मोरीतला नळ ठिबकत होता. भिंतीवर सावली सरकत होती. आणि त्या शांततेत, तिनं न बोलावता, एकेक दिवस वर यायला लागले. तीन वर्षांतले. दवाखान्याच्या व्हरांड्यातला तो निळसर उजेड, आणि शुद्धीवर आल्यावर नवऱ्यानं आपल्याकडे बघून आपलं नाव घेतलं तेव्हा आपण तिथल्या नर्सच्या गळ्यात पडून रडलो होतो. नयनाचा पहिला पगार झाला तेव्हा तिनं बाबांना शर्ट आणला, आणि त्यांना तो रोज नवा वाटतो म्हणून ते रोज तिला आशीर्वाद देतात. आपल्या आईचं वर्षश्राद्ध आपण कामाच्या गडबडीत विसरलो. एक दुपार अशी होती की जयसिंगराव काही न विचारता आपला हात धरून बसले होते, पाऊण तास, आणि मग पाहुणे आले. हे सगळं कुठे होतं इतके दिवस? तिला वाटायचं, या तीन वर्षांत आपण जगलोच नाही, नुसते चहा ठेवले. पण तसं नव्हतं. ते खाली जाऊन बसायला त्याला कोणी जागाच दिली नव्हती. ती पदर तोंडात धरून रडली. दाराच्या आत त्यांचा श्वास संथ लागलेला ऐकू येत होता आणि तिला त्यांचा फार फार लोभ आला. आत जाऊन त्यांना उठवावं, सांगावं, असं वाटत होतं. ती जागची हलली नाही.

संध्याकाळी नयना आली तेव्हा तिला गप्प राहायला खुणेनंच सांगितलं. दोघींनी जयसिंगरावांना न बोलता जेवायला वाढलं. तेही काही बोलले नाहीत. नेहमी आमटीत मीठ कमी म्हणणारा माणूस मुकाट्यानं जेवून झोपला, आणि तो गप्प का आहे हे विचारायची दोघींचीही हिंमत झाली नाही. महानंदाला झोप लागली ती पहाटे. उठली तर डोक्यात पहिला विचार आला तो हा, की आता हे जागे होतील आणि म्हणतील, नयनाचं काही बघायला नको का? तिनं चहा केला, कप घेऊन पलंगाशी गेली. जयसिंगराव जागेच होते. त्यांनी कपाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं.

"अहो, चहा."

नयना दात घासता घासता आली, तिनं बाबांच्या कपाळाला हात लावला, ताप नव्हता. ती घाबरून आईकडे बघायला लागली. महानंदानं विचारलं, काय होतंय, काही दुखतंय का.

"काल मला वाटेल ते बोललीस," जयसिंगराव भिंतीला म्हणाले, "आणि आता विचारतेस काय होतंय."

नयनाचा हात तोंडाशी तसाच थांबला. काल, असं म्हणाले होते ते. तीन वर्षं त्या तोंडात काल हा शब्द तापाच्या आधीचाच यायचा. महानंदानं हातातला कप खाली ठेवला. काय बोलले मी, असं तिनं विचारलं.

"तुझ्या बापानं मला तीनदा नाकारलं. इतकी वर्षं मी त्या माणसाच्या फोटोला नमस्कार करतोय."

"आणि नयनाचं?"

"तिचं काय? अद्वैतशी करतेय ना लग्न, करू दे. हो म्हटलंय मी." मग जरा थांबून, अजून भिंतीकडेच बघत, "तुझ्याशी मात्र मी बोलणार नाही."

नयना तोंडातल्या फेसासकट उंबऱ्यावर बसली आणि रडायला लागली. महानंदाचा हात सवयीनं नवऱ्याच्या खांद्याकडे गेला. रुसलेल्या माणसाची समजूत काढायची, दोन शब्द गोड बोलायचे, चहा हातात द्यायचा, हे तिनं जन्मभर केलं होतं, आणि आताही तोंडाशी सगळं आलं होतं. पण तिनं हात मागे घेतला. आज दिवसभर रुसून बसा म्हणावं, पाहिजे तर आठवडाभर बसा. उद्या सकाळीही हे असेच भिंतीकडे तोंड करून पडलेले असू देत, एवढंच तिनं मनातल्या मनात मागितलं, आणि नयनाला उठवून, तिच्या तोंडावर हात ठेवून, ती तिला खोलीबाहेर घेऊन आली.